पेट स्कॅन हवा, पण कोणत्या टप्प्यावर?

तोंडाचा, घशाचा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला की घरच्यांचा एक प्रश्न हल्ली ठरलेला असतो: पेट स्कॅन करून घ्यायचा का? मागोमाग दुसरा येतो: तो केला म्हणजे सगळं कळेल ना? पहिल्याचं उत्तर रुग्णागणिक बदलतं. दुसऱ्याचं सरळ ‘नाही’ असं आहे, पण ते तोंडावर सांगायला सहसा कोणी धजावत नाही. मग स्कॅन उपचाराच्या अगदी सुरुवातीला, सरसकट उरकला जातो. आणि उपचार संपल्यावर, जेव्हा याच स्कॅनच्या आधारे मानेची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते, तेव्हा मात्र ‘आता परत कशाला खर्च?’ असा सूर लागतो.

माझ्या मते हा क्रम उलटा आहे. मशीन मोजकी असतील, पैसा मोजका असेल, रांग लांब असेल, तर पहिला हक्क केमो-रेडिएशन पुरं करून बारा आठवडे काढलेल्या रुग्णाचा. त्याच्या बरोबरीने, मानेत कॅन्सरची गाठ आहे पण तिचं मूळ सापडत नाही अशा रुग्णाचा. त्यानंतर, रोग लांबवर पोचल्याची रास्त शंका असलेल्याचा. जिभेच्या कडेला दीड सेंटिमीटरची जखम आणि हाताला काहीही न लागणारी मान, एवढंच ज्याचं दुखणं आहे त्याचा नंबर बराच मागे. ही प्रतवारी ज्यांना कठोर वाटेल त्यांनी हा स्कॅन मुळात काय बघतो ते आधी पाहावं.

पेट स्कॅनला दिसते ती साखरेची उधळपट्टी. कॅन्सर त्याला थेट दिसतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन हाताशी असतानाही ग्लुकोज अर्धवटच वापरतात आणि त्याचं लॅक्टेट करून टाकतात. त्यामुळे त्यांना ग्लुकोज भरमसाट लागतं. या खोडीचा उपयोग करून घ्यायला पुढे अर्धं शतक गेलं. ग्लुकोजच्या रेणूतला एक गट काढून त्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवला की एफडीजी तयार होतं. ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं, तेही मेंदू पाहण्यासाठी. कॅन्सरचा विचार नंतरचा. पेशी एफडीजीला साखर समजून आत घेते, हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, आणि तिथून पुढची वाट बंद. चक्रव्यूहातल्या अभिमन्यूसारखं त्याला आत शिरणं जमतं, बाहेर पडणं नाही. अडकलेल्या फ्लोरिनमधून निघणाऱ्या पॉझिट्रॉन या कणामुळे विरुद्ध दिशांना दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सुटतात, ते मशीनच्या भोवतालच्या कड्यात टिपले जातात आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

या ठिपक्याला पत्ता मिळाला तो सीटीमुळे, म्हणजे क्ष-किरणांनी शरीराचे आडवे काप दाखवणाऱ्या स्कॅनमुळे. डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी दोन्ही मशीन एकत्र बांधली आणि त्यांचा पहिला नमुना १९९८ मध्ये पिट्सबर्गला बसला. इतर अवयवांच्या बाबतीत ही सोय होती; मानेच्या बाबतीत ती गरज होती. एका हाताच्या पंजात मावेल एवढ्या जागेत स्वरयंत्र, अन्ननलिकेचं तोंड, थायरॉइड, लाळग्रंथी, मोठ्या रक्तवाहिन्या आणि दोन्ही बाजूंना डझनावारी लसिका ग्रंथी (कॅन्सर पसरताना सहसा आधी इथेच पोचतो) दाटीवाटीने बसलेल्या असतात. नुसता चमकणारा ठिपका यातल्या कशाचा, हे पेट एकटा सांगू शकत नव्हता.

आणि साखर उधळणारा कॅन्सर काही एकटाच नव्हे. एफडीजी टोचल्यावर तासभर रुग्णाला शांत, उबदार खोलीत आडवं करून ठेवतात. अंगावर पांघरूण देतात. फोनवर बोलायचं नाही, शेजारच्याशी गप्पा नाहीत, काही चघळायचं नाही. रुग्णाला वाटतं, आराम करायला सांगितलाय. खरं कारण वेगळं असतं. त्या तासाभरात तो बोलत बसला तर स्वरतंतूंचे स्नायू साखर खातात आणि स्वरयंत्र उजळतं. चघळत राहिला तर जबड्याचे स्नायू उजळतात. थंडी वाजली तर मानेच्या दोन्ही बाजूंची आणि गळपट्टीच्या हाडावरची तपकिरी चरबी ऊब तयार करायला लागते आणि लसिका ग्रंथी जिथे असतात नेमकी तिथेच चमक दिसते. यातला सर्वांत फसवा प्रकार लुळ्या पडलेल्या स्वरतंतूचा. एका बाजूचा तंतू लुळा असेल तर दुसऱ्या, धडधाकट तंतूला दुप्पट राबावं लागतं. स्कॅनवर लुळा अंधारात राहतो आणि निरोगी झगझगतो. नवशिक्याने चित्र वाचलं तर कॅन्सरचा शिक्का बसायचा तो निरोगी बाजूवर!

टॉन्सिल्स आणि लाळग्रंथी तशाही थोड्याफार उजळतातच. दाढेखालचा पू, नुकतीच घेतलेली बायप्सी, क्षयाची गाठ, कानापुढच्या लाळग्रंथीतला वॉर्थिन ट्यूमर नावाचा निरुपद्रवी प्रकार, हे सगळे चमकतात. दातांतलं धातूचं काम सीटीला चकवतं आणि त्याच्या आसपास नसलेली चमक दाखवतं. उलट बाजूने, चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान रोग बहुतेक वेळा नजरेतून सुटतो, आतून द्रव भरलेली किंवा सडलेली गाठ कॅन्सरची असूनही फिकी दिसते, आणि लाळग्रंथींचे काही कॅन्सर मुळात साखरेचे फारसे भुकेले नसतात. मेंदू तर कायमचाच लखलखीत. त्यामुळे कवटीच्या तळाशी मज्जातंतूच्या कडेने वर सरकलेला रोग त्या झगमगाटात बुडून जातो. तिथे एमआरआयच लागतो.

एवढं लक्षात घेतलं की रिपोर्टमधल्या एसयूव्ही या आकड्याचा दरारा थोडा कमी व्हायला हरकत नाही. टोचलेलं औषध आणि रुग्णाचं वजन यांच्या हिशेबाने एखाद्या जागी ते किती जास्त साठलं, हे सांगणारं ते गुणोत्तर आहे. टोचल्यापासून किती मिनिटांनी चित्र घेतलं, रक्तातली साखर किती होती, मशीन कोणतं होतं, यावर ते हलतं. तरी लोक एसयूव्ही ११ म्हणजे भयंकर आणि ३ म्हणजे सौम्य असं धरून चालतात. दोन वेगळ्या ठिकाणच्या रिपोर्टांतले आकडे शेजारी ठेवून ‘रोग वाढला’ म्हणून घाबरणारे नातेवाईक आणि त्यांना न अडवणारे डॉक्टर, दोघांवरही माझा रोष आहे. डॉक्टरांवर जरा जास्त.

निदानाचं म्हणाल तर पेट स्कॅनने कॅन्सरचं निदान होत नाही. तोंडातला कॅन्सर टॉर्च, आरसा आणि बोटाने सापडतो, घशातला दुर्बिणीने, आणि दोन्ही पक्के होतात ते बायप्सीने. मानेतल्या गाठीत सुई घालून केलेली एफएनएसी ही स्वस्त, झटपट आणि बहुतेकदा निर्णायक तपासणी आहे. ठणठणीत माणसाने ‘काही असेल तर कळेल’ म्हणून पेट करून घेणं तर मला अजिबात पटत नाही. त्यात किरणोत्सर्ग आहे, वर सांगितलेल्या खोट्या चमकींचा धोका आहे, आणि प्रत्येक खोट्या चमकीमागे आणखी तपासण्यांची माळ आहे.

मूळ गाठीची स्टेज ठरवण्यातही त्याचा हात आखूडच. २०१८ पासून लागू झालेल्या स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कॅन्सरसाठी लांबी-रुंदीबरोबर खोलीही मोजली जाते: ५ मिलिमीटरपर्यंत, ५ ते १० आणि त्यापुढे. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान जखमही ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते. ही खोली मोजायला बोट, एमआरआय आणि शेवटी पॅथॉलॉजिस्टची काच लागते. पेटच्या धूसर ठिपक्याला मिलिमीटरचा हिशेब झेपत नाही.

खरा वाद आहे तो साफ वाटणाऱ्या मानेचा. हाताला गाठ लागत नाही, सोनोग्राफीतही काही नाही. अशा वेळी मानेतल्या लसिका ग्रंथी आधीच काढून टाकाव्यात की वाट बघावी? तोंडाच्या लवकर सापडलेल्या कॅन्सरबाबत हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीने बराचसा मिटवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मूळ गाठीबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, गाठ दिसल्यावरच मानेला हात लावलेल्या गटात ६७.५ टक्के. साडेबारा टक्क्यांचा हा फरक कोणत्या रोगामुळे पडला? डोळ्यांना, बोटांना आणि सोनोग्राफीला न दिसणाऱ्या बारीक कणांमुळे. हेच कण पेटच्याही पकडीबाहेर राहू शकतात.

इथे प्रतिवाद होतो आणि तो पोकळ नाही. अमेरिकेतल्या एका बहुकेंद्री चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, वरवर साफ मान असलेल्या पण मूळ गाठ टी-२ ते टी-४ (म्हणजे आकाराच्या दुसऱ्या ते चौथ्या पायरीवर) असलेल्या रुग्णांचा शस्त्रक्रियेआधी पेट-सीटी केला गेला. पेटने ‘काही नाही’ म्हटल्यावर ते सुमारे ९४ टक्के वेळा खरं निघालं, आणि जवळपास २२ टक्के रुग्णांत शल्यविशारदांनी स्कॅन बघून शस्त्रक्रियेचा बेत बदलला. आकडे चांगले आहेत. पण बेत बदलला म्हणजे रुग्णाचं भलं झालं असं होत नाही. आणि ज्यांच्या मानेला पेटने निर्दोष ठरवलं त्यांना शस्त्रक्रियेविना सोडून दिल्यावर ते तितकेच जगतात का, हे पाहण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. जिभेच्या जखमेची खोली जास्त आहे, मान पेटवर अंधारी आहे, म्हणून मान न उघडता रुग्णाला घरी पाठवायला मी तरी कोणाला सांगणार नाही. आणि स्कॅन काहीही म्हणाला तरी मान उघडायचीच असेल, तर तो स्कॅन केला कशाला?

रोग पुढे गेलेला असेल तर चित्र पालटतं. मोठी गाठ, मानेत मोठ्या किंवा खालच्या पातळीवरच्या ग्रंथी, अशा रुग्णाच्या फुफ्फुसात, हाडांत किंवा यकृतात काही आहे का, हे मोठ्या शस्त्रक्रियेआधी कळायला हवं. शिवाय तंबाखू आणि दारूने तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचं सगळं अस्तर सारखंच होरपळलेलं असतं, त्यामुळे दुसरा, स्वतंत्र कॅन्सरही शेजारी वाढत असू शकतो. इथे एकाच फेरीत सगळं शरीर बघणारी तपासणी आपली किंमत वसूल करते.

तरीही किती? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोके-मान कॅन्सरच्या २३३ रुग्णांची स्टेज नेहमीच्या तपासण्यांनी आणि पेटने वेगवेगळी ठरवली गेली. १०० जणांत दोन उत्तरं जुळली नाहीत. या शंभरांपैकी ४७ जणांत पेट बरोबर ठरला, १३ जणांत चुकला, आणि उरलेल्या ४० जणांत कोण खरं याचा पडताळाच होऊ शकला नाही. उपचार बदलले ते ३२ जणांचे, म्हणजे सातातल्या एकाचे. पेटचे समर्थक ४७ वर बोट ठेवतात, टीकाकार १३ वर. मला अस्वस्थ करतात ते ४०. पडताळा न झालेली चमक रोजच्या व्यवहारात कुठे जाते? ती रिपोर्टात जाते, रिपोर्टातून स्टेजमध्ये, आणि स्टेजमधून ‘आता बरं होण्यासारखं नाही’ या वाक्यात.

फुफ्फुसात एक चमकणारी गाठ. ती दूरवर पोचलेला कॅन्सर असेल, जुना क्षय असेल, न्यूमोनियाचा अवशेष असेल, किंवा फुफ्फुसाचाच वेगळा, काढून टाकता येणारा कॅन्सर असेल. चारही शक्यतांचे उपचार वेगळे. सुई घालून तिचा तुकडा न तपासता माणसाला चौथ्या स्टेजमध्ये टाकणं आणि बरं करण्याचा प्रयत्नच सोडून देणं, हा माझ्या लेखी या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. चमकीमुळे उपचार बरे करण्याकडून नुसता त्रास कमी करण्याकडे वळणार असतील, तर ऊतीचा पुरावा हवाच. तुकडा घेणं शक्य नसेल तर निदान ट्यूमर बोर्डात रेडिओलॉजिस्ट, शल्यविशारद आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून चित्र पाहिलेलं हवं. एकट्याने रिपोर्टची शेवटची ओळ वाचून असे निर्णय घेऊ नयेत.

स्टेजबाबत आणखी एक गोम आहे आणि ती धोरण ठरवणाऱ्यांना हमखास फसवते. समजा एखाद्या रुग्णालयाने सगळ्यांना पेट सुरू केला. पूर्वी तिसऱ्या स्टेजमध्ये मोजले जाणारे काही रुग्ण आता लपलेला रोग दिसल्यामुळे चौथीत गेले. हे तिसरीतले सर्वांत आजारी होते. ते गेल्यावर तिसरीची सरासरी सुधारली. चौथीत मात्र ते तिथल्या जुन्या रुग्णांपेक्षा बरे, म्हणून चौथीचीही सरासरी सुधारली. दोन्ही स्टेजमध्ये जगण्याचं प्रमाण वाढलं, आणि प्रत्यक्षात एकही माणूस एक दिवसही जास्त जगला नाही! अल्व्हान फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हा प्रकार दाखवून दिला आणि विल रॉजर्स या अमेरिकन विनोदकाराच्या एका विनोदावरून त्याला नाव दिलं. म्हणून ‘पेट आल्यापासून आमचे निकाल सुधारले’ असं कोणी स्टेजवार तक्ते दाखवून सांगू लागलं की मी आधी सगळ्या स्टेज मिळून किती जगले, ते विचारतो.

मूळ न सापडणाऱ्या गाठीचं प्रकरण याहून बरंच सरळ आहे. मानेत गाठ आली, सुईने स्क्वॅमस, म्हणजे तोंडा-घशाच्या अस्तरात उगवणाऱ्या जातीचा, कॅन्सर निघाला, पण तोंड, नाक, घसा, स्वरयंत्र तपासूनही उगम कुठे दिसत नाही. तो बऱ्याचदा टॉन्सिलच्या खाचेत किंवा जिभेच्या मुळाशी दडलेला असतो. सगळ्या तपासण्या हरल्यावर पेट यातल्या साधारण पाव ते चाळीस टक्के रुग्णांत जागा दाखवतो. रुग्णाच्या दृष्टीने याची किंमत मोठी. उगम सापडला तर रेडिएशन तेवढ्या जागेवर रोखता येतं. नाही सापडला तर संशयाच्या साऱ्या घशाला ते द्यावं लागू शकतं, आणि मग कोरडं तोंड, गिळताना होणारा त्रास हे आयुष्यभराचे सोबती. पण एक अट आहे जी सर्रास मोडली जाते: पेट आधी, भूल देऊन घशातले तुकडे घेणं नंतर. तुकडे आधी घेतले की ती प्रत्येक जखम चमकते आणि स्कॅनचा काही उपयोग उरत नाही.

आता बाराव्या आठवड्याकडे येतो. घसा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर, मानेत मोठ्या ग्रंथी, उपचार केमो-रेडिएशनने. उपचार संपला, मूळ गाठ विरघळली, पण मानेत हाताला काहीतरी कडक लागतंय. ते मेलेल्या गाठीचं कवच आहे की जिवंत रोग? सीटी आकार सांगतो; आकार इथे कामाचा नाही. वर्षानुवर्षं याचं उत्तर एकच होतं: धोका नको, मान उघडून सगळ्या ग्रंथी काढा. रेडिएशन झालेल्या मानेवरची शस्त्रक्रिया काय असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. ऊती चामड्यासारख्या घट्ट झालेल्या, थर एकमेकांना चिकटलेले, जखम भरायला वेळ लागणारी. खांदा उचलणारी नस दुखावली तर हात डोक्यावर नेता येत नाही. केस विंचरणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं मुश्कील होऊन बसतं. आणि काढलेल्या ग्रंथी काचेखाली तपासल्यावर पुष्कळदा कळायचं की आत जिवंत कॅन्सर नव्हताच.

ब्रिटनमधल्या ३७ केंद्रांनी ‘पेट-नेक’ नावाच्या चाचणीत हा प्रश्न थेट घेतला. ५६४ रुग्ण, मानेत पुढे गेलेला रोग. एका गटाची ठरल्याप्रमाणे मानेची शस्त्रक्रिया. दुसऱ्या गटाचा केमो-रेडिएशननंतर बारा आठवड्यांनी पेट-सीटी, आणि त्यात रोग दिसला किंवा शंका राहिली तरच शस्त्रक्रिया. २०१६ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात ८१.५ टक्के हयात, पेटच्या गटात ८४.९ टक्के. पहिल्या गटात मानेच्या शस्त्रक्रिया झाल्या २२१, दुसऱ्यात ५४. जगण्यात काही उणं नाही, शस्त्रक्रिया चौथ्या हिश्शावर, आणि वर रुग्णामागे १,४९२ पौंडांची बचत. महागडी तपासणी वापरून एकूण खर्च कमी झाल्याची अशी स्वच्छ उदाहरणं वैद्यकात फार नाहीत. खर्च वाढण्याच्या भीतीने जे हा स्कॅन नाकारतात त्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

या चाचणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिच्यातले बहुसंख्य रुग्ण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरचे होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा रोग एचपीव्ही विषाणूशी जोडलेला होता, जो रेडिएशनला चांगला दबतो. तंबाखूमुळे झालेल्या रोगाला तेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तोंडाच्या कॅन्सरवर मुख्य उपचार शस्त्रक्रिया असल्याने तिथे हा प्रश्न बहुधा उभाच राहत नाही. तरी केमो-रेडिएशन घेतलेल्या रुग्णापुरतं तत्त्व टिकतं: बाराव्या आठवड्याला मान अंधारी दिसली तर ती सोडून देता येते. तेव्हाच्या ‘नाही’वर सुमारे ९५ टक्के विसंबता येतं. ‘आहे’वर इतकं नाही; चमकणाऱ्या मानांपैकी बऱ्याच नंतर निर्दोष निघतात, म्हणून तिथे सोनोग्राफी करून सुई घालणं किंवा काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करणं आलं.

बारा आठवडेच का? रेडिएशनने भाजलेल्या ऊतीत सूज असते, सुजेत पांढऱ्या पेशी असतात आणि त्याही साखर खातात. सहाव्या आठवड्याला केलेल्या स्कॅनमध्ये अर्धी मान पेटलेली दिसते. पण थांबणं सोपं नाही. उपचार संपलेल्या माणसाला ‘गेला की नाही?’ याचं उत्तर उद्याच हवं असतं, आणि त्याची घालमेल बघवत नाही म्हणून डॉक्टर लवकरची तारीख देऊन टाकतात. त्यातून येतो संदिग्ध रिपोर्ट, आणि माणूस आधीपेक्षा जास्त घाबरतो. इथे जरा कठोर राहणं हीच खरी माया.

माझ्या प्रतवारीवर एक आक्षेप रास्त आहे: नंतरचा स्कॅन नीट वाचायचा तर तुलनेला आधीचा हवा. मान्य. ज्या रुग्णावर केमो-रेडिएशन होणार आहे आणि ज्याच्या मानेत मोठ्या ग्रंथी आहेत, त्याला आधीचाही द्यावा. रेडिएशनची आखणी करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो. छोट्या, शस्त्रक्रियेनेच सुटणाऱ्या गाठीला हे कारण लागू होत नाही. ‘मनाची शांती’ हा दुसरा आक्षेप मला कमी पटतो. पाच मिलिमीटरखालचं न दिसणाऱ्या तपासणीवर टेकलेली शांती कितपत टिकेल? आणि तिच्यापायी जाणारा वेळ खरा असतो. निदानापासून उपचार सुरू व्हायला ४६ ते ५२ दिवसांहून जास्त लागले तर मृत्यूचा धोका वाढतो, असं हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये दिसून आलं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं; ते साठवून ठेवता येत नाही, ते जिथे बनतं त्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून लांब असलेल्या केंद्रात ते मोजून-मापूनच पोचतं. एखाद्या सकाळी मात्रा आली नाही की रांग पुढच्या आठवड्यात जाते. जिची गरज नव्हती अशा स्कॅनसाठी रुग्ण थांबतो, तेव्हा गाठ थांबलेली नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. स्कॅनच्या मागणीपत्रावर एक रकाना सक्तीचा असावा: चमक दिसली तर काय कराल आणि नाही दिसली तर काय कराल. दोन्हीकडे एकच उत्तर असेल तर मागणी परत पाठवावी. विमा असो वा सरकारी योजना, केमो-रेडिएशनला मंजुरी देतानाच बाराव्या आठवड्याचा स्कॅन त्याच मंजुरीत धरावा. नव्याने अर्ज, नव्याने खेटे नकोत. उलट, दोन-चार वर्षं कोणताही त्रास नसलेल्याला दरवर्षी ‘सगळं ठीक आहे ना’ म्हणून केल्या जाणाऱ्या पेटचा पैसा कोणी देऊ नये. त्याने माणसं जास्त जगतात असा पुरावा नाही. तो पैसा आणि ते स्लॉट वर सांगितलेल्या रुग्णांना द्यावेत.

आणि रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी रुग्णाच्या फाइलीवर बाराव्या आठवड्याची तारीख लिहून द्यावी. शक्यतो त्याच मशीनवर, आधीच्या स्कॅनची सीडी बरोबर घेऊन, चार ते सहा तास उपाशी, आणि मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणून. ती २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकललेलाच बरा, कारण रक्तातली खरी साखरच एफडीजीची जागा अडवते आणि जिवंत रोगही फिका दिसू शकतो.